आखाड्यातला फ्लॅश

माझा उजवा डोळा आज शाबूत आहे तो एका पहिलवानामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं आठवायला लागलं की माझी घाबरगुंडी उडते आणि मग मुख्य माणूसच सांगायचा राहतो. इंदूरला बडा गणपतीच्या देवळामागे एका गल्लीत ते आखाडा चालवतात. वयाने माझ्या थोरल्या भावाएवढे असतील. घरात मराठी बोलतात, पणजोबा होळकरांच्या नोकरीत होते म्हणे. पण ती मराठी अशी, की मी एकदा त्यांना फोनवर आईशी बोलायला लावलं तर आई नंतर मला म्हणाली, "चांगला माणूस दिसतोय रे, पण हिंदीच बोलतोय की." त्यांचं माझं काही नातं नव्हतं. उलट आमच्या फोटोवाल्या टोळक्यामुळे त्यांचा खांदा निखळला होता. त्याच दुपारी, तो निखळलेला खांदा तसाच लोंबत असताना, त्यांनी मला वाचवलं.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली. वडलांचा हात फार चालायचा. रागाच्या भरात जे हाताला लागेल ते घेऊन मारायचे. ज्या दिवशी त्यांनी सायकलच्या पंपाने मारलं आणि माझं मनगट मोडलं, त्यानंतर मी त्या घरात फार दिवस काढले नाहीत. गावातला एकजण इंदूरला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता, त्याच्या मागे आलो. तिथे खोकी कापायच्या मशीनवर उभा राहिलो. ते मशीन दिवसभर आपटत असतं. माझ्या आधी तिथे जो होता त्याची दोन बोटं त्यातच गेली होती, आणि हे मला पहिल्याच दिवशी हसत हसत सांगण्यात आलं. "आराम से भिया, मशीन को उंगली पसंद है."

कॅमेरा मी जुनाच घेतला, सेकंडहँड. का घेतला ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच की त्याच्यातून बघताना कुणी आपल्याकडे येत नाही असं वाटायचं. रविवारी सकाळी लालबाग राजवाड्याच्या मैदानावर हौशी फोटोवाल्यांचा एक ग्रुप जमायचा. सगळे शिकलेले, नोकरीवाले लोक. मी लांब उभा राहून झाडांचे फोटो काढत होतो, तर त्यांच्यातल्या एका बँकेतल्या साहेबांनी हाक मारली, "या ना, लांब का?" मी किती शिकलोय हे त्यांनी विचारलं नाही. याबद्दल मी त्यांचा आभारी होतो आणि अजूनही आहे, पुढे जे झालं ते धरूनसुद्धा.

या साहेबांना एचडीआरचं वेड होतं. म्हणजे असं: अंधाऱ्या खोलीत खिडकी असली की आपल्या डोळ्याला खोलीही दिसते आणि खिडकीबाहेरचं झाडही. कॅमेऱ्याला एकच जमतं. खोली दाखवली तर खिडकी पांढरीफटक, खिडकी दाखवली तर खोलीत काळोख. मग एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, एक काळा, एक मधला, एक उजळ, आणि कॉम्प्युटरवर तिन्ही एकमेकांत मिसळायचे. त्यासाठी कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, ठेवतात आणि बटण एकदा दाबलं की तो एकामागोमाग तीन फोटो घेतो. अट एकच, समोरचं काही हलायला नको. हललं की फोटोत एकाची दोन-तीन भुतं दिसतात.

ग्रुपमध्ये दुसरं खूळ होतं लाइटिंगचं. आम्ही सगळ्यांनी मिळून फ्लॅश घेतले होते. ते स्टँडवर लावून लांब ठेवायचे आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटी डबी बसवायची. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की डबी वायरलेसने लांबचा फ्लॅश उडवते. डब्यांना चॅनल असतात. तुझा एक, माझा दोन, असं लावलं की एकाच्या बटणावर दुसऱ्याचा फ्लॅश उडत नाही. पण त्या दिवशी फ्लॅश सगळ्यांना आळीपाळीने वापरायचे होते, म्हणून सगळ्या डब्या एकाच चॅनलवर ठेवल्या.

त्या दिवशी म्हणजे आखाड्याच्या दिवशी. साहेबांनीच ओळख काढून परवानगी मिळवली होती. आखाडा म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब खोली, मधे लाल मातीचा हौद आणि पश्चिमेच्या भिंतीत उंचावर एक खिडकी. दुपार उतरल्यावर त्या खिडकीतून ऊन तिरपं आत येतं आणि हवेतली माती पेटल्यासारखी दिसते. साहेब दारातच थांबले आणि म्हणाले, "हे एचडीआरसाठीच बांधलंय."

पहिलवानांनी आम्हाला ओळीत उभं केलं, जणू आम्हीही शिकायला आलो होतो.

"फोटो काढा, खूप काढा. पण कुश्ती चालू असताना ही बत्ती नाही चमकायला पाहिजे. अंगावर वजन असतं, डोळ्यात बत्ती गेली ना, तर आदमी गेला. समजलं?"

"नाही नाही उस्तादजी, एकदम प्रॉमिस," साहेब म्हणाले.

पोरं खिदळत होती. "ए भिया, हमारा डोला जरा बड़ा दिखाना, सगाई की बात चल रही है." मी त्यांचे दंड फुगवून उभे राहिलेले फोटो काढले. मग पहिलवानांनी माती कपाळाला लावली आणि खरी कुस्ती सुरू झाली. मी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. बाहेरून खेळ वाटतो. जवळून मांस मांसावर आपटल्याचा आवाज येतो, दात एकमेकांवर घासल्याचा येतो. एकजण दुसऱ्याची मान बगलेत धरून ती जमिनीत खुपसत होता, आणि खालच्याच्या नाकातोंडात माती जाऊन तो फुरफुरत होता. कुणी कुणाला दाबलं की मला आजही आधी दार कुठे आहे ते बघावं लागतं.

फ्लॅश आम्ही सगळ्यांनी सोडून दिले होते. थोडा वेळ वापरला नाही की फ्लॅश आपोआप झोपतो, त्याची लाल टिकली विझते. हौदाच्या काठावर माझ्या कोपराजवळ स्टँड उभा होता, त्याच्यावरचा फ्लॅशही झोपला होता. बंद आहे असंच आम्ही सगळे धरून चाललो. पण झोपलेला फ्लॅश बंद नसतो. डबीचा इशारा आला की तो जागा होतो.

साहेब मागच्या भिंतीला तिकाटणं लावून खिडकीचा एचडीआर काढत होते. त्यांना फ्लॅश नकोच होता. फक्त कॅमेऱ्याच्या डोक्यावरची डबी काढायची राहिली होती. त्यांनी बटण दाबलं. पहिल्या, काळ्या फोटोला फ्लॅश नुसता जागा झाला. दुसऱ्याला उडाला. तिसऱ्याला पुन्हा उडाला.

त्या क्षणी पहिलवानांनी त्यांच्या सगळ्यात दणकट चेल्याला खांद्यावर उचलून घेतलं होतं आणि त्यांचं तोंड नेमकं आमच्याकडे होतं.

त्यांचे डोळे मिटले. पाय मातीत वाकडा पडला. तो एवढा मोठा गडी त्यांच्या उजव्या खांद्यावर घेऊनच ते खाली आले, आणि आवाज झाला. ओली फांदी पिरगाळून तोडतात तसा. ते ओरडले नाहीत. चेलाच ओरडला, "उस्ताद!"

मग सगळ्यांनी फ्लॅशकडे बघितलं. फ्लॅशच्या शेजारी मी होतो.

"यही है बत्ती वाला!"

पहिली लाथ बरगडीत बसली, दुसरी पाठीत. मी काठावरून हौदात पडलो. मातीत तोंड गेलं. कुणीतरी केसांना धरून मान वर ओढली आणि तोंडावर गुडघा मारला. माझ्या हातात कॅमेरा होता, तो मी पोटाशी धरला होता, त्याचाही त्यांना राग आला. "अभी भी फोटू बचा रहा है!" बोटांवर टाच आपटली. मी म्हणत होतो, "मी नाही, मैंने नहीं," पण तोंडात माती आणि रक्त, शब्द फुटत नव्हते. मारणाऱ्यांची तोंडं मला दिसत होती. कुणाचंही तोंड मारताना माझ्या वडलांसारखंच दिसतं.

साहेब भिंतीशी होते. त्यांचा हात कॅमेऱ्यावर होता. ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं.

मग खांद्यावरून पडलेल्या त्या चेल्याने स्टँड उचलला, फ्लॅशसकट, आणि कुऱ्हाडीसारखा फिरवला. वरची लोखंडी पकड माझ्या उजव्या डोळ्यात आली. दुखलं असं म्हणता येणार नाही. आतून काहीतरी फुटलं आणि गरम गरम गालावर उतरलं. अर्धं जग लाल झालं आणि मग विझलं. तेव्हा मात्र मी जनावरासारखा ओरडलो. तेवढ्यात दुसऱ्याने भिंतीजवळचा व्यायामाचा जड लाकडी मुद्गल दोन्ही हातांनी वर उचलला. राहिलेल्या डोळ्याने मला तो दिसला. तो डोक्यात बसला असता तर हे लिहायला मी उरलो नसतो.

तो बसला नाही. पहिलवान उठले होते. उजवा हात खांद्यापासून खाली चुकीच्या जागी लोंबत होता, चेहरा राखेसारखा झाला होता. डाव्या हाताने त्यांनी मुद्गलवाल्याची मानगूट धरली आणि त्याला भिंतीवर असा आपटला की पत्रा वाजला. चेल्याच्या कानाखाली ओढली, ती एवढी जोरात की तो खालीच बसला. मग माझ्या अंगावर पाय फाकून उभे राहिले.

"आता या. कोण येतो? मी शिकवलं तुम्हाला हे? पडलेल्याला मारता? अबे, कुत्तेही नाही मारत असं."

कुणी पुढे आलं नाही. ते माझ्याजवळ वाकले, डोळा बघितला, आणि त्यांच्या तोंडून फक्त "अरे राम" निघालं. मी डोळा चोळायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. ते त्यांनी सोडलंच नाही.

चेल्याचा लोडिंगचा ऑटो गल्लीत उभा होता. "तू मारलंस ना? तूच चालव." तो रडत रडत चालवत होता. मागे आम्ही दोघं, माझं डोकं त्यांच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा खांदा हलायचा आणि ते दातांतून शिवी द्यायचे, मग मला म्हणायचे, "तुला नाही रे, रोडला."

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा बघून सांगितलं, बसा, लगेच बसवून देतो, उशीर केला तर नस दबून राहील. मग माझा डोळा उघडला आणि म्हणाले, याला आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, नाहीतर गेला. सोबत कुणीतरी लागेल, सही लागेल.

पहिलवानांनी मला विचारलं, "तुझं कोण आहे इथं?"

"कोणीच नाही."

ते उठले. डॉक्टर चिडले, "पहलवान, पाँच मिनट बैठो, हाथ जाएगा तुम्हारा."

"माझं तर हाडच आहे साहेब, कुठं पळतंय. इसकी आँख बह रही है."

मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. नातं काय, तर भाऊ. ऑपरेशन संपेपर्यंत ते बाहेर बाकावर बसून होते, गमछ्याने हात गळ्याशी बांधून. चेला पायाशी बसला होता. मला टाके पडले, डोळा वाचला, असं त्यांना सांगितल्यावरच ते खांदा बसवायला गेले.

साहेब दोन-तीन दिवसांनी वॉर्डात आले. सफरचंदं आणली होती. ती उशाशी ठेवून खालच्या आवाजात म्हणाले, "तू कुणाला सांगितलं तर नाहीस ना, डबी कोणाची होती ते?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांना हायसं वाटलं. मग फोन काढून म्हणाले, "बघ, तरी मी त्या तीन फ्रेम्स मर्ज करून बघितल्या." माझा एकच डोळा उघडा होता. त्यात दिसलं: पहिलवानांना तीन डोकी, एक काळं, एक पांढरंफटक, एक खाली येणारं, आणि हातांचा नुसता गुंता. साहेबांनी बोट वर सरकवलं. "माणसांची वाट लागली रे. पण खिडकी मात्र अप्रतिम आलीये."

त्यांना तेव्हा काही सुनवायला हवं होतं की नाही ते मला आजही ठरवता येत नाही. पहिलवानांना मात्र डबी कोणाची होती ते आधीच माहीत होतं, मातीत पडून डोळे उघडले तेव्हा त्यांनी साहेबांचा हात डबीवाल्या कॅमेऱ्यावर बघितला होता. मी म्हटलं, मग तुम्ही तेव्हाच सांगितलं का नाही? तर म्हणाले, "सांगितलं असतं तर पोरांनी त्याला मारलं असतं. मला मार थांबवायचा होता भिया, बदलायचा नव्हता."

माझा डोळा नीट झाला. ऊन थोडं जास्त टोचतं, एवढंच. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही. नस दबून राहिली ती राहिलीच. त्यांनी कुस्ती सोडली, आता फक्त शिकवतात, काठावर उभं राहून ओरडतात. ऑपरेशनने बराच फरक पडेल असं डॉक्टर म्हणतात, पण मग काही महिने हात गळ्यात बांधून घरी बसावं लागेल, आंघोळीपासून सगळं दुसऱ्याने करावं लागेल, आणि आखाडा कोण बघणार, म्हणून ते टाळतात. मी विषय काढला की म्हणतात, "बघू रे, होली के बाद." होळी झाली की दिवाळी.

मी त्यांना अजून स्पष्ट बोललो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. उस्तादजी, तुम्ही ज्या दिवशी हो म्हणाल त्या दिवशी मी मशीनवरून सुट्टी काढीन, नाही दिली तर काम सोडीन. कागदावर भाऊ म्हणून सही मी करीन. तुम्हाला आंघोळ मी घालीन, घास मी भरवीन, सकाळी आखाड्याची माती मी खणीन आणि तुमच्या त्या आडदांड पोरांना आवरीन, त्यांची मला अजून भीती वाटते तरी. तुम्ही मला जे दिलं ते फिटायला हे पुरणार नाही हे कळतं मला. पण कधीतरी, तुमचा हात वर जाईपर्यंत, मी एवढं तरी फेडीन.