आत्या जेवायला बसल्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या एमआयडीसीत कामावर होते, दूध तपासायच्या टेबलापाशी. फोनवर आमचे मिस्टर होते. "आई गेली," एवढंच म्हणाले, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "खाताना?" "न्हाय गं. दुपारची झोपली ती झोपलीच." मला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाजही वाटली, पण खरं ते खरं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, आणि या आत्यांच्या घशाखाली घास उतरतो की नाही, याच काळजीत माझं मागचं वर्ष गेलं होतं.

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्या कोऱ्हाळ्याच्या घरी जनावरांना वैरण टाकत होत्या. हातपाय हळूहळू हलू लागले, बोलणंही जड का होईना पण कळू लागलं, गिळणं मात्र गेलं. दवाखान्यातून घरी आल्या त्या नाकात नळी घेऊनच. मी रजा काढली. डाळीचं पाणी, दूध, गाळलेली पेज... मी सिरिंजने सोडायची आणि त्या दुसरीकडे बघत राहायच्या. गिळायचं पुन्हा शिकवायला स्वाती मॅडम यायच्या, मूळच्या इंदापूरच्या. पाणी सोपं जाईल म्हणून मी पहिल्याच दिवशी पाण्याची वाटी घेऊन तयार, तर त्यांनी मला गप्पच केलं. पाणी सगळ्यांत अवघड, म्हणाल्या. पातळ काहीही घशात थांबत नाही, श्वासनळीत जातं. मग हुलग्याच्या पिठाचं घट्ट, गुठळी नसलेलं माडगं ठरलं. ताठ बसवायचं, हनुवटी खाली, अर्धा चमचा.

आत्या तो अर्धा चमचा तोंडात धरून ठेवायच्या आणि शेवटी पदरात टाकायच्या. तीन आठवडे हेच. बाहेरच्या खोलीत कॉटवर त्या, समोर खुर्चीवर मॅडम, बाजूला मिस्टर, धाकटे दीर, मी, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्या गळ्यावर. "आई, गिळ की," म्हणत मिस्टर स्वतःच आवंढा गिळायचे. मॅडम मला ओसरीवर नेऊन म्हणाल्या, "घसा आता तयार आहे. त्या गिळत का नाहीत, मला कळत नाही. या महिन्यात जमलं नाही तर डॉक्टर पोटातून नळी टाकायला सांगतील. मग तोंडाने खाणं लांबच पडेल."

भांडी घासताना माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आत्यांना जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आधी पुरुष, मग पोरं, मग मी. "तू जेव, मी बसते मागनं," म्हणायच्या, आणि मग ताट घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटांत मोकळ्या. जन्मभर जिने कुणासमोर घास घेतला नाही, तिच्या तोंडाकडे आम्ही चौघं टक लावून "गिळ" म्हणत होतो. माझाच मला राग आला. घरातली सून मी, आणि हे मला तीन आठवडे सुचू नये?

मॅडमना सांगितलं तर त्या जरा बिचकल्या. लक्ष तर ठेवावंच लागणार. कधी कधी ठसका न लागताही अन्न चुकीच्या वाटेने जातं. मग मार्गही त्यांनीच काढला. सगळे जेवून उठल्यावर आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसायचं, समोरासमोर नाही, शेजारी. मी माझ्या ताटात बघून जेवायचं. दर दोन चमच्यांनी आत्यांना बोलायला लावायचं. आवाज घशात पाणी असल्यासारखा आला तर लगेच थांबायचं.

पहिल्या दिवशी मी भाकरी मोडली आणि मान खाली घातली. बराच वेळ काहीच नाही... मग घोट उतरल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. मी वर बघितलं नाही. डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं तरी नाही.

"बोला काहीतरी, आत्या."

"काय बोलू?"

"काहीही."

"मीठ कमी हाय."

आवाज स्वच्छ होता. माझ्या स्वयंपाकाबद्दल बावीस वर्षांत त्यांनी काढलेला तो पहिला शब्द.

मग काय, सुटल्याच. बोलणं म्हणजे तपासणी, त्यामुळे गप्प बसायची सोय नाही, आणि विषय पुढ्यातलाच. खिचडी चिकट झाली. आमटीत चिंच लई. एकदा तर म्हणाल्या, "तुझा सैपाक मला कदीच आवडला न्हाय बग." मी इतकी हसले की ठसका मलाच लागला. "आता तुला नळी घालू व्हय?" म्हणाल्या. दीड महिन्याने नळी निघाली. पुढे मी कामावर रुजू झाले, तरी एक वेळचं जेवण आम्ही शेजारी बसूनच केलं. आठ महिने.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा शिवेना. त्यांच्या आवडीचं काही ठेवा, असं भटजी म्हणाले. मिस्टरांनी दिरांकडे पाहिलं, दिरांनी नणंदेकडे. "पुरणपोळी असंल..." नणंद म्हणाली. असंल! पन्नास वर्षं आईच्या हातचं खाल्लेली ही तीन लेकरं. मग तिघंही माझ्याकडे वळली.

"घट्ट पिठलं," मी म्हणाले. "लसूण जास्त, वरून कच्चं तेल. आणि गरम पाहिजे. निवलेलं त्यांना कधीच आवडलं नाही."

मी मिस्टरांना घेऊन घरी गेले आणि पिठलं केलं. परत येताना स्कूटी मी चालवत होते. मागे मिस्टरांनी डबा टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरला होता आणि वाटभर मला विचारत होते, "निवंल का गं?"