टाकी दिसते का, वहिनी?

हिवाळ्यात भल्या पहाटे आमच्या घरी ज्यांचा फोन यायचा, ते कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. "टाकी?" एवढंच विचारायचे. मी शाल सावरत गॅलरीत जायची, समोरच्या पॉकेटमधली, म्हणजे पलीकडच्या वसाहतीतली, पाण्याची उंच टाकी बघायची आणि परत येऊन सांगायची, "दिसते," किंवा "अर्धीच," किंवा "कसली टाकी घेऊन बसलात, मला माझी तुळस दिसत नाहीये." मग पलीकडून "वा" यायचं. धुकं पडलं म्हणून वा म्हणणारा माणूस सगळ्या दिल्लीत हा एकच असावा. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतली मराठी माणसं त्यांना धुकेभावजी म्हणायची. मीही तेच म्हणायची.

हवामानाच्या सरकारी ऑफिसात ते नोकरीला होते. उद्या धुकं कुठे पडणार, किती दाट, कधी उठणार, हे कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं, हे त्यांचं काम. एकदा पोहे खाताना त्यांनी मला ते समजावलं होतं. नकाशावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीतलं हवामान मोजायचं. आधी म्हणे चौकटी एवढ्या मोठ्या होत्या की दिल्ली, नोएडा, गुडगाव सगळं एकाच चौकटीत कोंबलेलं. "आता बारीक चौकटींचं मॉडेल आलंय, वहिनी. यमुनेला स्वतःची चौकट मिळाली." पोरीला वेगळी खोली मिळाल्यासारखं सांगत होते. पण नदीकाठी मॉडेल चुकायचं, म्हणून ही टाकी. "मॉडेलला अक्कल आहे, डोळे नाहीत. डोळे तुमचे," म्हणायचे. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला असं कोणी म्हटलं तर ती गारठ्यात गॅलरीत जाणार नाही का? मी तर तापातसुद्धा गेले आहे.

‘पडेल’ किंवा ‘पडणार नाही’ असं ते कधीच बोलत नसत. ‘शक्यता आहे’ म्हणायचे. त्यांची बायको नलू वैतागायची, कारण घरातही तेच. जेवायला वाढू का विचारलं तरी उत्तर, "शक्यता आहे." हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या बायका तिला चिडवायचो, तुझं लग्न तरी नक्की झालंय ना गं, की शक्यताच आहे अजून?

पण विचारायला गेलेल्याला त्यांनी कधी परत पाठवलं नाही. डिसेंबर उजाडला की त्यांच्या दारात चपला वाढायच्या. कोणाची गाडी, कोणाचं विमान, कोणाची मुलगी बाळंतपणाला येणार. कॅन्टोन्मेंटातले साताऱ्याचे एक सुभेदार तर सुट्टी मंजूर झाली की आधी भावजींकडे यायचे, मग स्टेशनवर जायचे. एवढी माणसं येतात, त्रास नाही का होत, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "धुकं काय कुणाच्या मालकीचं आहे, वहिनी? सांगायला काय जातंय."

मग ती वर्षं आली. खाजगी विमानं सुरू झाली, गुडगावला शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्याच एका इमारतीतल्या कंपनीने भावजींना उचललं. ही कंपनी धुक्याचे अंदाज काढून विमानवाल्यांना विकायची. नलूने पेढे वाटले. आम्हालाही आनंद झाला, आपल्या माणसाची किंमत कोणाला तरी कळली म्हणून. ऑफिस बदललं तरी पहाटेचा फोन थांबला नाही. माझी टाकी तीच होती, तीही आता गुडगावच्या कामाला लागली.

त्या जानेवारीत माझ्या माधवीला पुण्याच्या कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. पक्की जागा, तीही तिच्या वनस्पतिशास्त्राची. चार वर्षं ती इथल्या शाळेत तात्पुरती राबत होती. मुलाखत दुपारी, विमान त्याच दिवशी सकाळचं. आदल्या संध्याकाळी निघता आलं असतं, पण शाळेत परीक्षा होत्या आणि मुख्याध्यापिका सोडायला तयार नव्हती. मी म्हटलं, थांब, भावजींना विचारते. धुकं असेल तर बाई चिडली तर चिडू दे, आदल्या दिवशीच निघू.

त्या आदल्या दिवशी पहाटे फोन आला. मी सांगितलं, टाकी लख्ख दिसते. पण काल पाऊस झालाय, खालची शेतं ओली आहेत आणि वाऱ्याचं नाव नाही.

"वा," म्हणाले.

मग मी माधवीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, आज निघू की उद्या? ते म्हणाले, "पेपरात सरकारी अंदाज आला असेल ना, वहिनी. तो बघा."

पेपरात काही विशेष नव्हतं. आणि जेवायलासुद्धा ‘शक्यता आहे’ म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी तो शब्द उच्चारला नव्हता. मी निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी एअरपोर्टच्या रस्त्यावर टॅक्सीला पुढचा ट्रक दिसेना. आमचं विमान दुपारी तीननंतर, तेही नक्की नाही. बाहेरच्या खिडक्यांवर आरडाओरडा चालला होता. एका नव्या कंपनीची खिडकी तेवढी शांत. माधवीसाठी तिथे जागा मिळते का विचारायला गेले, तर तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, "हमने तो सुबह वालों को कल शाम ही भेज दिया, आंटी जी. गुड़गांव से फॉग का बता दिया था ना."

माझ्या हातातली लाडवांची पिशवी मला एकदम जड झाली. टाकी दिसत असताना भावजी वा का म्हणाले होते, ते मला त्या खिडकीपाशी कळलं.

कॉलेजने दुसरी तारीख दिली नाही. माधवी पुढे नोएडाच्या कॉल सेंटरमध्ये लागली, बढत्या मिळाल्या, संसार झाला. तिच्या गॅलरीत कुंड्यांची गर्दी आहे. मी विषय काढला की म्हणते, "आई, सोड ना यार." पण मला सोडवत नाही, आणि ते काही जागा गेली म्हणूनच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही फोन आला होता.

"टाकी?"

मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं, भावजी."

"वहिनी, धुकं मालकीचं नाही, पण अंदाज कंपनीचा आहे. बाहेर कुणालाही सांगायचा नाही, अशी सही करून दिलीय मी."

"मी बाहेरची?"

त्यांनी अगदी हळू आवाजात पुन्हा विचारलंच, "दिसते का?"

फोन आपटावासा वाटला. पण कुठल्यातरी विमानात कोणाची तरी लेक बसायला निघाली असणार. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, शाल घेतली, गॅलरीत गेले. समोर नुसतं पांढरं.

"नाही दिसत," मी सांगितलं. "आता परत विचारू नका."

त्या दिवशी पलीकडून ‘वा’ आलं नाही.