जीपच्या शेडातली वायरिंग

आमचे हे गेले, जीप विकली, आणि जीपचं शेड रिकामं झालं. वडीगोद्रीत रिकामी जागा आठ दिवस कुणी रिकामी राहू देत न्हाई. धाकटे भाऊजी एकाच आवारात राहतात. ते म्हणाले, "वहिनी, शेडात खताच्या गोण्या ठेवतो."

मी म्हणलं, तिथं मी घरघंटी बसवणार, गल्लीचं दळण घेणार.

"आन् लाइट?"

"लाइट मीच ओढणार."

ते इतके हसले की बशीतला चहा सांडला. "ओढा. न्हाई जमलं तर शेड माझं."

"बराबर," मी म्हणलं. बोलून गेले, आता माघार कशाची.

मला येत काय होतं? हे विहिरीवर मोटारीचा स्टार्टर उघडून बसायचे आणि मी उजेड धरायची. तीस वर्षं उजेड धरणाऱ्या बाईला काहीच दिसत न्हाई असं लोकांना वाटतं. बाकीचं मोबाइलवर शिकले, एकेक व्हिडिओ दहादा बघून.

बॅटरीचं ड्रिल घ्यायला जुन्या जालन्यात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, घरातल्या माणसाला पाठवा."

"मी कोण हाय मंग?"

त्यानं एक छोटंसं पुढं सरकवलं. म्हणे, बायकांच्या हाताला हलकं. मी म्हणलं, हे स्क्रू पिळायला ठीक, माझी भिंत विटांची, हॅमरवालं काढा. मोठं काढलं. ते डोक्याच्या वर धरून उभी राहिले तर मिनिटात हात खाली आला. ठेवलं खाली. मधलं उचललं. दुसरी बॅटरी सुटी मिळती का विचारलं, कारण आमच्याकडं लाइट जाती तेव्हा भिंत अर्धी राहती. मंग म्हणलं, एक वीट आणा.

"इथं भोक पाडणार?"

"लुगडं उलगडून बघतोच की आपण."

दुकानाच्या पायरीवर वीट ठेवून भोक पाडलं. गिऱ्हाइकं गोळा झाली. घेतलं तेच.

चार दिवसांत पट्ट्या बसल्या, वायरी ओढल्या, घरघंटीला जाड वायर आणि वेगळा एमसीबी दिला, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा खटका. पाचव्या दिवशी तपासणी. होल्डरात बल्ब, त्याला दोन वायरी, एवढाच माझा टेस्ट लॅम्प. भाऊजी खुर्ची घेऊन बघायला बसले. फेज आणि न्यूट्रलला लावला, लागला. फेज आणि अर्थिंगला लावला, तिथंबी लागायला पाहिजे. न्हाई लागला.

अर्थिंग म्हणजे मशीनमध्ये करंट उतरला तर तो जमिनीत नेणारी वायर. आमच्या आवारात सगळे ती नळाच्या लोखंडी पाइपाला बांधतात. मीही तिथंच बांधली. पण पाण्याची नवी लाइन टाकली तेव्हा खालचा पाइप प्लास्टिकचा झाला, वर वीतभर लोखंड तेवढं राहिलं. तो खड्डा बुजवताना मी स्वतः तिथं उभी होते, तरी बांधली.

"चुकलं ना?" भाऊजी म्हणाले. "गोण्या आणू का?"

"चुकलं. माझं चुकलं, मीच दुरुस्त करणार. खुर्ची उचला, तिथंच खणायचंय."

कुदळ मीच मारली. दोन दिवस लागले, कंबर धरली, पण पुरुषभर खड्डा झाला. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा, मीठ, माती, वरून चार घागरी पाणी. एमसीबी पाडूनच वायर जोडली, मंग चालू केला. बल्ब परत फेज आणि अर्थिंगला लावला. पिवळाधम्मक लागला.

घरघंटी त्याच दुपारी शेडात बसली. पहिली ज्वारी भाऊजींच्याच घरची आली. जावेनं पाठवली होती, डबा घेऊन तेच आले. पीठ पडेपर्यंत डबा धरून उभे राहिले. मंग हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्या फ्रिजची अर्थिंगबी त्याच नळाच्या पाइपाला हाय."

"माहीत हाय मला."

"मंग बघता का जरा?"

"बघते. खड्डा तुम्ही खणायचा. खणून झाला की हाक मारा."