मोठा पिस्टन

रेल्वेच्या पुलापाशी तो रोज दिसायचा. पाय अधू, म्हणून बाजूला जोडचाकं लावलेली जुनी स्कूटर आणि मागे म्हातारी आई. दोघांना घेऊन ती गाडी चढ चढायची नाही. मग आई उतरून धापा टाकत पूल चालायची आणि हा वर पाठमोरा थांबायचा. मला त्याचा रागच यायचा.

एका सकाळी गाडीचा आवाज दमदार वाटला. तो पायथ्याशी थांबला होता, म्हणून विचारलं.

"मोठा पिस्टन बसवलाय की. पळवायला न्हाय ओ. आय दमती, मला मागं बगवत न्हाय."

आमचं बोलणं चालू असताना आई सवयीनं उतरली. त्याला कळलंच नाही. गाडी झपाट्यानं पूल चढली. माथ्यावर पोचून तो पहिल्यांदाच मागे वळला.

खाली उभी आई टाळ्या वाजवत होती.