न्हाणीमागचा बेडूक

कॉलेजच्या निसर्ग-पाहणीत आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, वर्गातल्या केतकीने कातळाचा एक चिरा उचलला आणि खाली नखाएवढा बेडूक दिसला. तिने शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला, पुस्तकात पाहून जात ओळखली आणि वहीत लिहिले: शोधणारी, केतकी. सरांनी तिला शाबासकी दिली. मला मात्र तिचा हेवा वाटला. याच सड्यावरून मी दहा वर्षे शाळेत गेले. शहरातली मुलगी येऊन वाकून बघते, आणि आपण नुसते पाय सांभाळत चालतो.

घरी आईला फोटो दाखवला.

"हा होय? न्हाणीमागं असतो की. गरम पाणी सोडायच्या आधी मी तांब्या वाजवते, मग सरकतो बाजूला."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस, बाय?"

सकाळी मी पट्टी घेऊन न्हाणीमागे बसले. आईने तांब्या वाजवला आणि ओल्या दगडाआडून तो बाहेर आला. फोटो काढून मी वहीत ठिकाण लिहिले. 'शोधणारी' या शब्दापुढे माझे नाव किती छान दिसले असते! तिथे आईचे नाव लिहिले खरे, पण हात जड झाला होता.