काशीराम मास्तरांचा मुजरा

विचुंब्याची रूपा राणीसाहेब झाली तेव्हा गावाने फटाके लावले आणि गावातल्या काही बायकांनी नाकं मुरडली. दोन्ही साहजिकच होतं. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्याची ही पोर कबड्डी खेळता खेळता राज्याच्या संघात पोचली. एका स्पर्धेत बक्षीस द्यायला घाटावरच्या लहानशा संस्थानाचे धाकटे राजे आले, आणि बक्षिसाबरोबर मनही देऊन बसले. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं म्हणा. पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जळतो?

रूपाला घडवलं काशीराम मास्तरांनी. हे मास्तर शाळेतले नव्हेत. सकाळी भाजी विकायची आणि संध्याकाळी पोरींना मैदानात पळवायचं, हा त्यांचा दिनक्रम. रूपाची आई हाफपँटवरून अडून बसली, तेव्हा तेच ओट्यावर ठाण मांडून बसले. म्हणाले, "वैनी, खेलू द्या पोरीला. नाव काढंल ती. कोन काय बोलला तर मना सांगा." आईला हो म्हणावंच लागलं. पुढे प्रत्येक सामन्याआधी रूपा प्रथम मास्तरांच्या पाया पडायची आणि मग मैदानाची माती कपाळाला लावायची. त्यांच्या संघाचा तो नेमच होता.

सासरचे नेम निराळे. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि घराण्याबाहेरच्या कुणापुढे वाकायचं नाही. सासूबाईंनी, म्हणजे आईसाहेबांनी, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पायाला बिलगलेल्या चौघींना ओढत रेषेला हात लावणारी रूपा या एका बाईपुढे मात्र पार शेळी झाली.

२०१२ साली गावच्या कबड्डी स्पर्धेला तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. आईसाहेबही सोबत निघाल्या. काही होवो, मास्तरांच्या पाया पडायचंच, असं रूपाने वाटेत ठरवून टाकलं. आईसाहेब रागावल्या तर रागावल्या.

खेळाडूंची ओळख सुरू झाली. पोरींच्या रांगेच्या टोकाला मास्तर इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. केस पांढरे झाले होते. रूपा त्यांच्यासमोर थांबली.

"सूनबाई," मागून आईसाहेब हळूच म्हणाल्या.

एवढंच. रूपाची कंबर ताठ राहिली, आणि वाकले ते मास्तर. राणीसाहेबांना मुजरा करायचा असतो, असं कुणी शहाण्याने त्यांना सांगितलं असणार. त्यांनी तो तीनदा केला, दर वेळी गुडघा धरून. रीत ठाऊक नसल्याने हात कपाळाऐवजी छातीलाच लागत होता. त्यांचं बघून रांगेतल्या पोरीही वाकल्या. रूपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तरी शिकवल्याप्रमाणे तिने मान जराशी हलवली आणि ती पुढे गेली.

कार्यक्रम आटोपून दोघी गाडीत बसल्या. काचा खालीच होत्या.

"ते म्हातारे कोण गं? बिचाऱ्याने मुजरा अगदी मनापासून केला," आईसाहेबांनी विचारलं.

माझे मास्तर. दोन शब्दांचं उत्तर होतं. पण जिभेला काय झालं कोण जाणे.

"असतील गावातले कुणीतरी," रूपा म्हणाली.

तेवढ्यात खिडकीतून एक हात आत आला. व्यासपीठावर राहिलेली तिची शाल आणि नारळ घेऊन मास्तरच आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रूपाचा चेहरा पांढराफटक पडला.

आईसाहेबांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही ओळखता का हो आमच्या सूनबाईंना?"

मास्तरांनी रूपाकडे पाहिलंसुद्धा नाही. नारळ तिच्या मांडीवर ठेवला.

"नाय जी. आमी भाजीवाले. राणीसाहेबांना आमी कुठून ओलखनार?"

आईसाहेबांचं समाधान झालं. गाडी निघाली. मास्तरांनी तिची लाज राखली होती, आणि रूपाला घाट लागेपर्यंत मान वर करता आली नाही.