हळदीच्या पेवात कानतपासणी

“शिडी सोडा, अहो शिडी!” डॉक्टर पेवाच्या तळातून ओरडत होते, आणि त्यांच्या साथीला मी अशी बोंब ठोकली की तिकडं इस्लामपुरात म्हशी आटल्या असतील. महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. बहिरेपणाचा अभ्यास करणारे हे डॉक्टर सांगलीला आले, तेव्हा कान तपासायला ठोकून वाजवायच्या त्यांच्या लोखंडी काट्याची बारीक गुणगुण ऐकवायला चिडीचूप जागा हवी होती, आणि बाजारात ती कुठली मिळणार. म्हणून हळद साठवायच्या एका रिकाम्या, तीन पुरुष खोल पेवात त्यांच्याबरोबर, तपासणीला बोलावलेल्या बहिऱ्यांपैकी पहिला मी उतरलो; माझा एक कान लहानपणापासून वाहायचा. वर राखणीला तोफखान्यातून कान गमावून आलेले माझे मामा. कुणाला आत सोडू नका, असं डॉक्टरांनी खुणेनं बजावलं होतं, म्हणून मामांनी लष्करी शिस्तीत शिडीच वर ओढून घेतली. हळदीच्या वासानं जीव घुसमटला, कंदील मिणमिणायला लागला, आणि पेवात कंदील विझला की माणूसही विझतो. “वर ऐकू येणारा एकही नाही?” डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, “समदे बहिरेच बोलावलेत तुमी.” शेवटी त्यांची टोपी मी वर भिरकावली, सातव्या खेपेला ती बाहेर पडली, तेव्हा कुठं मामांचं डोकं दिसलं. वर येताच डॉक्टरांनी हातवारे करून विचारलं, एवढं ओरडलो, ऐकू नाही आलं? आता माझेही दोन्ही कान गेलेत, तरी मामांचं ते थंड उत्तर अजून ऐकू येतं: “ऐकू आलं असतं, तर हितं कशाला आलो असतो, डाक्टर?”